शेजारची गर्दी

"ताई, तुमची ती रक्तदात्यांची साईट शनवारी उघडंनाच बघा," शरणम्मा सिस्टरनं सहज सांगितलं. समोरच्या बाळंतपणाच्या दवाखान्यातून आणलेल्या नळ्यांचा ट्रे तिनं काउंटरवर ठेवला आणि पदरानं कपाळ पुसलं. सोमवारची सकाळ होती. बाहेर हायवेवर हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांनी लॅबची काच थरथरत होती. शिवप्रियानं नळ्यांवरची नावं वाचता वाचता विचारलं, "किती वाजता?" "चार-सव्वाचार झाले असतील. बाळंतिणीचं रक्त थांबंना. रक्तपेढीत तिच्या गटाची पिशवी न्हाई. तिचा मालक मोबाईल घिऊन सारखा दाबायलाय, दाबायलाय. नुसतं गोल फिरायलंय. मग डॉक्टर म्हटले, सोलापूर गाठा." "मग?" "नळदुर्गच्या अलीकडंच गेली. लेकरू हाय. पोरगी झाली." एवढं सांगून शरणम्मानं ट्रेमधली एक नळी वेगळी केली. "हिचं जरा अर्जंट द्या. डॉक्टर वाट बघायलेत." आणि ती रस्ता ओलांडून गेली. दोन ट्रकांच्या मधून, नेहमीसारखी, हात वर करून.

शिवप्रियानं अर्जंट नळी आधी घेतली. हात आपापलं काम करत राहिले. एकोणीस वर्षं ती ह्या उमरग्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती, हातांना तिची गरज उरली नव्हती. नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोर बसवल्या, झाकण लावलं, बटण दाबलं. यंत्र फिरायला लागलं आणि तिला एकदम आठवलं की शनिवारी चार वाजता आपण झोपलो होतो. शनिवारी लॅब दीडला बंद होते. घरी जाऊन तिनं वडलांना, अप्पांना, वाढलं, स्वतः जेवली, मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला आणि पंख्याखाली आडवी झाली. दुपारची झोप तिला कधी लागत नाही, त्या दिवशी लागली. गाढ, बिनस्वप्नाची. उठली तेव्हा गालावर उशीच्या शिवणीचा वळ होता, शेजारी कुणाच्या तरी घरी अनारशाचं तळण चाललं होतं, तुपाचा वास खिडकीतून येत होता, आणि तिला इतकं ताजंतवानं वाटलं होतं की चहा करताना ती गुणगुणली होती. अप्पा म्हणालेसुद्धा होते, "आज काय शिवू, लई खुशीत?" आता त्या गुणगुणण्याचा आवाज तिच्या कानात आला आणि तिनं सेंट्रिफ्यूजवर हात ठेवला, जणू तेच गुणगुणत होतं.

साईट तिचीच होती. सात वर्षांपूर्वी ती एक वही होती. लॅबमध्ये गट तपासायला येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, "कधी लागलं तर रक्त द्याल का?" आणि हो म्हणणाऱ्याचं नाव, गाव, गट, फोन वहीत लिहायची. मग लोक वही मागायला लॅबमध्ये यायला लागले. रविवारी लॅब बंद असली की घरी यायचे. एकदा पहाटे एक म्हातारा गेटवर काठी आपटत उभा राहिला, तेव्हा तिला वाटलं की हे माझ्या घरच्या किल्लीवर अवलंबून असू नये. कॉलेजातला तिचा वर्गमित्र शंभुलिंग दुकानदारांना, दवाखान्यांना वेबसाईट करून द्यायचा. त्यानं आठवड्याभरात ती वही साईटवर चढवली. गट निवडा, गाव निवडा, जवळचे दाते फोननंबरासकट समोर येतात. उमरगा, लोहारा, मुरूम, तुरोरी, पार अळंदपर्यंतची नावं त्यात भरत गेली. तेराशे बारा झाली होती. दवाखान्यांच्या भिंतींवर तिनं साईटच्या नावाचे कागद चिकटवले, आणि वही कपाटात टाकली. आता तिच्या घराची किल्ली कुणाला लागत नव्हती. म्हणून तर ती झोपू शकत होती.

शंभुलिंगला तिनं दुपारी फोन लावला. तो हसत बोलला, कारण त्याला बाई मेल्याचं माहीत नव्हतं. "शनिवारी? हां, शनिवारी सर्व्हर बसलाच होता. चाळीस मिनिटं. तुझी साईट एकटी नाही गं तिथं, माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या एकाच सर्व्हरवर आहेत. शेअर्ड म्हणतात त्याला. तेरखेड्याच्या एका फटाकेवाल्यानं दिवाळीची ऑफर टाकली, ती व्हॉट्सॲपवर फिरली, आन् हजारो लोक एकदम त्याची साईट उघडायला लागले. त्याच्या गर्दीत बाकीच्यांना दार सापडेना. होतं असं सणासुदीला."  मग तिनं बाळंतीण गेल्याचं सांगितलं. पलीकडं त्याच्या दुकानातला प्रिंटर खरखरत होता. "त्यात तुझी काय चूक," तो शेवटी म्हणाला. "त्या फटाकेवाल्याची तरी काय." हे खरं होतं आणि हेच तिला सहन होईना. चूक कुणाची असती तर ती तिथं ठेवून देता आली असती.

तिनं त्याच्याकडून त्या सर्व्हरवरच्या साईटींची यादी मागवून घेतली. दोनशे सात होत्या. येरमाळ्याच्या देवीला येणाऱ्यांसाठी एक लॉज, कळंबचं एक मंगल कार्यालय, ट्रॅक्टरचे तीन विक्रेते, एक कीर्तनकार, वाशीची एक रोपवाटिका, बंद पडलेल्या दोन शाळा, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका, मुंज सहा वर्षांपूर्वीच होऊन गेलेली. सात वर्षं ती ह्यांच्यासोबत राहत होती आणि तिला पत्ता नव्हता. ती एकेक उघडून बघू लागली. लॅबमध्ये रिपोर्ट छापताना, घरी भाकरी तव्यावर असताना. लॉजच्या खोल्यांतल्या गुलाबी चादरी. कीर्तनकारांचा मिटलेल्या डोळ्यांचा फोटो. फटाक्यांची साईट उघडली की आवाज यायचा, फुलबाज्या पडद्यावरून खाली झडायच्या आणि मधोमध लाल अक्षरांत सवलत लिहिलेली असायची. दिवाळी होऊन गेली तरी ती तशीच होती. ह्या फुलबाज्यांच्या मागं कुठंतरी एक माणूस तिच्या पानाचं दार शोधत उभा होता, चाळीस मिनिटं. तिच्या डोळ्यांसमोर ते गोल फिरू लागायचं. डोळे मिटले तरी फिरायचं. पंख्यात, ताक घुसळताना रवीत, अप्पांच्या हातातल्या रुद्राक्षाच्या माळेत. सेंट्रिफ्यूजचं झाकण बंद करताना ती आता मान वळवायची.

दहा दिवसांनी तो माणूस आला. पांढरा शर्ट, डोक्यावर केस नव्यानं उगवू लागलेले. काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाला, "मॅडम, मालकिणीचा जुना रिपोर्ट पायजे. सहाव्या महिन्यातला. कागदपत्राला जोडायला मागायलेत." नाव विचारल्यावर त्यानं सांगितलं, "सोनाली अमरसिंह." स्वतःचं नाव सांगताना तो थोडा अडखळला, जणू ते नावही आता पूर्ण राहिलं नव्हतं. शिवप्रियानं संगणकात शोधलं. सापडलं. वय तेवीस, हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक दोन, रक्तगट बी निगेटिव्ह. खाली सही तिचीच. म्हणजे ती ह्याच खुर्चीत बसली होती, पुढं आलेलं पोट सावरून, आणि शिवप्रियानं तिच्या दंडाला रबर बांधलं होतं. चेहरा आठवेना. तिला चेहरे आठवतच नाहीत, शिरा आठवतात. खूप ताण दिल्यावर एक आठवली: डाव्या हाताची, बारीक, सुई लागताच बाजूला सरकणारी. हिरव्या बांगड्या वर सारून दोनदा टोचावं लागलं होतं. दुसऱ्या वेळी ती बाई हसून म्हणाली होती, "पळायलीय का ती?" का हे दुसरीच कुणी म्हणाली होती? शिवप्रियाला ते ठरवता येईना. ते वाक्य सोनालीला द्यावं की देऊ नये ह्यात ती अडकून बसली आणि समोर अमरसिंह वाट बघत राहिला.

"तुमचा गट काय आहे?" कागद देताना तिच्या तोंडून निघून गेलं. सवयीनं. एकोणीस वर्षांची सवय. "ओ पॉझिटिव्ह," तो म्हणाला. "माझं तिला चालत नव्हतं." मग त्यानं कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "एक साईट हाय मॅडम, रक्त देणाऱ्यांची. दवाखान्यात भितीवर लिवलंय. त्या दिवशी नुसती फिरायली. फोनच खराब म्हणून दुसऱ्याचा घेतला, त्यात बी फिरायली." तिला वाटलं, आता सांगावं.  "आता चालू झाली असंल तर माझं नाव तेवढं घाला त्यात," तो म्हणाला. "तुम्हाला जमतंय का ते? कुणाला तरी लागंल." तिनं नाव घातलं. तेराशे तेरा. तो उभा असतानाच त्याच्या मोबाईलवर नोंद झाल्याचा संदेश वाजला. त्यानं तो वाचला, मान हलवली आणि "लई उपकार झाले" म्हणून निघून गेला. उपकार. त्या दिवशी तिनं डबा उघडलाच नाही.

संध्याकाळी ती शंभुलिंगच्या दुकानात गेली. "मला वेगळा सर्व्हर पाहिजे. आख्खा. माझ्याशिवाय त्यावर कुणी नको." शंभुलिंगनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि साध्या भाषेत समजावलं. साईट आपल्या स्वतंत्र सर्व्हरवर कधी न्यायची ह्याचे काही ठोकताळे असतात. लोक वाढले, पान उघडायला वेळ लागायला लागला, माहिती फार झाली, तेव्हा. "तुझ्याकडं दिवसाला दीडशे माणसं येतात, शिवप्रिया. फार तर एक मधला रस्ता काढू, सर्व्हरचा थोडा भाग तुला तोडून देऊ. एका माणसासाठी कुणी आख्खी एसटी करतं का?" "ॲम्ब्युलन्स एका माणसासाठीच असते," ती म्हणाली.  "आणि तुझ्या ठोकताळ्यात गर्दी माझी धरलीय. त्या दिवशी माझ्याकडं गर्दी नव्हतीच. एकच माणूस होता." तो टेबलावरचा स्टेपलर उघडझाप करत राहिला. मग म्हणाला, "वेगळा घेतला तरी तो बंद पडणारच नाही असं नाही. यंत्रच ते. एवढंच की मग तो तुझ्यामुळं पडेल, शेजाऱ्यामुळं नाही." तो हे सावध करण्यासाठी बोलला होता. तिला मात्र ते ऐकून बरं वाटलं. तरीही ती हो म्हणाली नाही. उठली, दोन दिवसांत सांगते म्हणाली, आणि दोनाचे दहा झाले.

कारण हो म्हणणं म्हणजे काय, हे तिला कळत होतं. सर्व्हर बदलला तर त्याचा अर्थ असा होणार होता की तो आधी बदलायला हवा होता. आहे तिथंच ठेवला तर शनिवारचं जे झालं ते सणासुदीला होणारं काहीतरी राहील, पाऊस, ट्रॅफिक, तसलं. ती स्वतःशी हिशेब मांडायची. साईट उघडली असती तर दाता सापडला असता का? सापडला असता तर उचलला असता का? आला असता, तपासणी झाली असती, पिशवी भरली असती, तोवर? तिनं समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना एकदा आडून विचारलं. ते हात धूत होते. "सांगता येत नाही," ते म्हणाले. "वेळ होता असंही म्हणता येईल, नव्हता असंही." साबणाचा फेस त्यांच्या कोपरावरून ओघळत होता. ती त्या 'नव्हता'ला धरून राहिली. तो शब्द तिनं उशाशी घेतला. आणि तरी दुपारी चार वाजले की, कुठंही असली तरी, तिची नजर घड्याळाला चिकटायची. चार बारा. चार वीस. पाच वाजायला आठ कमी. मग सुटका.

अप्पांनी हे ओळखलं होतं. महांतप्पा सत्त्याहत्तर वर्षांचे, उमरग्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले ऑपरेटर. अजून कुणाचाही फोन आला की ते आधी ताठ बसायचे, मग उचलायचे. एका रविवारी अंगणात उन्हात बसून शेंगा फोडताना ते एकदम म्हणाले, "शिवू, तुझ्या त्या शंभुलिंगाचं बोलणं मी ऐकलं परवा फोनवर. एका तारेवर सगळे. आमचं बी तसंच हुतं." ती शेंगा फोडत राहिली. "चौऱ्याऐंशी साल असंल. सोलापूरला जायाला दोनच लाइनी. एक खराब. दुसरीवर आडतीतला एक दलाल, तुरीचा भाव इचारायलाय. तीन मिनिटं झाली, वाढवली. सहा झाली, वाढवली. तेवढ्यात मुरूमचा एक माणूस पळत आला. भावाला पान लागलेलं, साप चावलेला. सोलापूरच्या औषधाच्या दुकानाला फोन करायचा, त्यांनी इंजेक्शन साडेचारच्या गाडीच्या ड्रायव्हरकडं द्यायचं. गाडी सुटायला पंधरा मिनिटं. आता नियम असा, की बोलणाऱ्याची लाइन तोडायची न्हाई. आख्खी लाइन पायजे तर लाइटनिंग कॉल लावा, आठपट दर. त्या गड्याच्या खिशात बसचं तिकीट बी नव्हतं."

"मग?" "तोडली की दलालाची," अप्पा म्हणाले. त्यांच्या बोटांनी हवेतच एक पिन उपटली. "वायर काढली आन् ह्याला जोडून दिली. घंटी गेली. वाजली, वाजली, वाजली. पलीकडं कुणी उचललंच न्हाई. दुपारचं दुकान बंद करून घरी गेले असतील. दलालानं तक्रार केली, मला मेमो आला, वाढ रोखली वर्षभर. तुझी अव्वा लई चिडली हुती." ते हसले. "पर मी म्हनलं, लाइन देणं माझं काम. पलीकडं उचलणं माझ्या हातात न्हाई." शिवप्रियानं विचारलं, "आणि त्याचा भाऊ? वाचला का?" अप्पांच्या हातातली शेंग तशीच राहिली. रस्त्यानं एक टेम्पो गेला, त्याचा धुरळा अंगणात येऊन बसला. "कळलं न्हाई," ते म्हणाले. "म्हंजे, इचारलंच न्हाई मी. मुरूम काय लांब हाय? सायकलीवर गेलो असतो तरी तासाचं काम. त्याच्या गल्लीचं नाव बी ठाऊक हुतं. पर न्हाई गेलो." मग ते पुन्हा म्हणाले, "लाइन देणं माझं काम." त्या वाक्याच्या कडा इतक्या गुळगुळीत झाल्या होत्या की तिला दिसलं, हे वाक्य ते चाळीस वर्षं हातात फिरवत आले आहेत. तिची आई, अव्वा, होती तेव्हा कधीकधी ते जेवता जेवता थांबायचे आणि भिंतीकडं बघायचे. ती लहान होती, तिला वाटायचं, अप्पांना लांबची घंटी ऐकू येते.

दुसऱ्या दिवशी तिनं शंभुलिंगला हो म्हटलं. आता प्रश्न उरला तो कधी न्यायची. साईट एका जागेवरून उठवून दुसऱ्या जागी ठेवायची म्हणजे तीन-चार तास ती बंद ठेवावी लागणार होती. "रात्री दोनला करू," शंभुलिंग म्हणाला. "सगळे तेव्हाच करतात. कुणी उघडत नाही त्या वेळेला." "रात्री दोनला बाळंतपणं होत नाहीत?" तिनं विचारलं. ती शरणम्माकडून दवाखान्याचं रजिस्टर मागून आणून वाचून बसली होती. रक्त लागल्याच्या नोंदी तिनं वेळेप्रमाणं मांडून पाहिल्या. रिकामा तास नव्हताच. पहाटे चारला एक, सकाळी साडेसातला दोन, भर दुपारी, दिवेलागणीला, गणपतीत, पोळ्याला. प्रत्येक तास कुणाचा तरी होता. "मंगळवारी सकाळी दहाला करायचं," ती शेवटी म्हणाली. शंभुलिंगला वाटलं तिचं डोकं फिरलं. "अगं, दहाला सगळे जागे असतात!" "म्हणूनच. दाते जागे, रक्तपेढी उघडी, मी फोनवर. साईट बंद असली तरी माणसं चालू असतील."

पुढच्या सोमवारी तिनं तेराशे तेरा नावं कागदावर छापून घेतली, गटाप्रमाणं, आणि भोकं पाडून दोऱ्यानं बांधली. प्रत्येक दवाखान्यात स्वतः जाऊन सांगितलं, उद्या दहा ते दोन साईट बंद, ह्या नंबरवर फोन करा. मंगळवारी लॅबच्या आतल्या खोलीत तिनं टेबल लावलं, आणि अप्पा न बोलावता येऊन त्या टेबलाशी बसले. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर विभूतीची तीन बोटं. दहा वाजता शंभुलिंगनं दुकानातून फोन केला, "उतरवतोय." तिनं मोबाईलवर साईट उघडून पाहिली. गोल फिरलं, फिरलं, आणि पान पांढरं झालं.  आपल्या हातानं दार बंद करून ती आता बाहेर उभी होती. पावणेअकराला फोन वाजला. अप्पा ताठ बसले, उचलला, "बोला, उमरगा," म्हणाले. कुणाला तरी डेंग्यू झाला होता, प्लेटलेट हव्या होत्या, ए पॉझिटिव्ह. अप्पांनी कागदावर बोट ठेवून तिच्याकडं पाहिलं. पहिला दाता पुण्यात. दुसऱ्याचा फोन बंद. तिसऱ्यानं उचलला आणि तो एसटी स्टँडवरच होता. सगळं मिळून सहा मिनिटं लागली. "जोडून दिलं," अप्पा म्हणाले आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

दुपारी सव्वाला शंभुलिंगचा फोन आला. "आली वर. आता तू एकटीच आहेस तिथं. सगळं नीट आलंय का तपासून घे." तिनं नावं मोजली, तेराशे तेरा. फोननंबर, गावं, सगळं जागेवर होतं. आता शोध चालतो का बघायचं होतं. गटाच्या चौकटीत कुठलाही गट घालता आला असता. इतके दिवस तिनं हा एक शोध घेतला नव्हता. छापील यादीतही ते पान तिनं न बघता उलटलं होतं. बाहेर कुणीतरी रिपोर्टसाठी बेल वाजवली, ती उठली नाही. तिनं बी निगेटिव्ह निवडलं. उमरगा. पंधरा किलोमीटर. पान डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडलं. एकच नाव होतं. हणमंतप्पा, गुंजोटी, नोंद तीन वर्षांपूर्वीची. गुंजोटी, म्हणजे सहा किलोमीटर. तिनं स्वतःला सांगितलं, तीन वर्षांत माणूस कुठल्या कुठं जातो. अर्धे नंबर मेलेलेच असतात. पुण्याला गेला असेल, हैदराबादला गेला असेल, नंबर दुसऱ्याच कुणाला मिळाला असेल. अप्पा तिच्याकडं बघत होते. तिनं नंबर दाबला, आणि घंटी वाजू लागल्यावर तिच्या लक्षात आलं की ती कुणी उचलू नये म्हणून श्वास धरून बसली आहे.

"हां, बोला," दोन घंट्यांत आवाज आला. मागं घरघर चालली होती, मोठी, एकसुरी. "मी उमरग्याहून बोलतेय, रक्तदात्यांच्या यादीवरून. तुमचा नंबर चालू आहे का बघत होते." "चालू हाय की. बदललाच न्हाई." "तुम्ही गावातच असता?" "तर वो. पिठाची गिरणी हाय आपली. सकाळी आठपसनं रातच्या आठपतुर हितंच." तिनं विचारलं, "दिवाळीच्या आधीच्या शनिवारी... दुपारी चारला. तेव्हा?" "शनवारी? मरायला सवड नव्हती ताई, भाजण्या दळायला बायांची रांग. हितंच हुतो. का वो?" गिरणी घरघरत होती. अप्पा मान हलवत होते, नको म्हणत होते की आणखी काही, ते तिला कळलं नाही. "बी निगेटिव्ह पाहिजे होतं," ती म्हणाली. "तेवीस वर्षांची बाळंतीण होती." गिरणीच्या आवाजात त्याला काय ऐकू गेलं, किती गेलं, कोण जाणे. पलीकडं खटका पडला. घरघर हळू झाली, पट्ट्याचा फटफट आवाज राहिला, मग तोही थांबला. "मिळालं का दुसरं कुणी?" त्यानं विचारलं. "नाही." "मंग आलोच," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

तिनं परत लावला. उचलला नाही. बहुतेक गाडीवर होता. अप्पा म्हणाले, "शिवू, बस खाली." ती बसली नाही. लॅबच्या दारात जाऊन उभी राहिली. ऊन हायवेवर सपाट पडलं होतं, समोरच्या दवाखान्याच्या पायरीवर शरणम्मा कुणाशी तरी बोलत होती. शिवप्रियानं घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिली. एक मिनिट केवढं मोठं असतं, त्यात किती ट्रक जातात, किती माणसं रस्ता ओलांडतात. चार मिनिटांत त्याला गुंजोटीची कमान ओलांडता आली असेल. आठ मिनिटांत साखर कारखान्याचे ट्रॅक्टर त्याला आडवे आले असतील, त्यानं गाडी बाजूच्या मातीत घातली असेल. तेराव्या मिनिटाला एक मोटारसायकल फाट्यावरून वळली, लॅबसमोर थांबली. चाळिशीतला माणूस उतरला. केस, भुवया, पापण्या पिठानं पांढऱ्या, गिरणीवरचा फडका अजून खांद्यावर. स्टँड लावायलाही तो थांबला नाही, गाडी भिंतीला टेकवली आणि उजव्या हाताची बाही दंडावर सारतच आत आला. "तुम्हीच का फोन केला ताई?" त्यानं विचारलं. धाप लागली होती. त्यानं आतल्या खोलीत डोकावून पाहिलं, मग बाहेर रस्त्यापलीकडच्या दवाखान्याकडं पाहिलं. "पेशंट कुठं हाय?"

शिवप्रियानं खुर्ची पुढं ओढली. "बसा," ती म्हणाली. तो बसला, उघडा दंड पुढं करून. शीर ठसठशीत वर आलेली होती, रबराचीही गरज नव्हती. ती त्याच्यासमोर स्टुलावर बसली आणि त्याच्या डोळ्यांत बघून, पहिल्यांदाच कुणापाशी, शनिवारी दुपारी आपण जेवून झोपलो तिथपासून सांगायला लागली.